निष्ठा ग्राहकाची, मुदत कारखानदाराची

धानाची कापणी-मळणी उरकली आणि मंडईचे दिवस आले, म्हणजे पूर्व विदर्भातील बाजारपेठांत थोडीफार हालचाल दिसू लागते. धानाचे चुकारे वेळेवर पडोत अथवा रखडोत, पवनी-भंडाऱ्याच्या दुकानांतून मोबाइल संच आणि दूरचित्रवाणी संच यांची विचारपूस सुरू होते. तेथील गिऱ्हाइकाचे बोलणे नीट ऐकले, तर एक गोष्ट ध्यानात येते. तो बहुधा ‘चांगला संच दाखवा’ असे म्हणत नाही. ‘त्याच कंपनीचा, पण नवा दाखवा’ असे म्हणतो. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपलचे दालन उघडले आणि तेव्हापासून दर सप्टेंबरात नव्या आयफोनसाठी पहाटेपासून रांगा लागतात. त्या रांगेतील तरुण आणि पवनीच्या दुकानातील शेतकरी यांच्या सांपत्तिक स्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मागणी मात्र एकच आहे. नाव तेच, वस्तू नवी.

या वर्तनाचे सोपे स्पष्टीकरण सर्वांना ठाऊक आहे. जाहिरातींनी माणसे भुलली आहेत, मिरवण्याची हौस वाढली आहे, चंगळवाद बोकाळला आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. त्यात काहीच तथ्य नाही असे नाही. परंतु ज्याच्या घरी वर्षातून एकदाच ठोक पैसा येतो, तो माणूस केवळ भुलून दर दोन-तीन वर्षांनी हजारो रुपये खर्च करतो, असे मानणे म्हणजे त्याच्या व्यवहारज्ञानाचा अपमान होय. ग्राहक एका नावाला धरून राहतो यामागे विचार आहे. ही निष्ठा खोटी नाही. तिच्या पलीकडल्या टोकाला असलेला करार मात्र बदलला आहे, आणि तो बदल ग्राहकाला कोणी सांगितलेला नाही.

नावावर विश्वास का?

२२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्या सुमारास या पंचक्रोशीतील पुष्कळ घरांत एकच विद्युत्-उपकरण असे, ते म्हणजे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरील बातम्या आणि शेतीविषयक कार्यक्रम त्यावर ऐकले जात. हा संच एकदा घेतला की वर्षानुवर्षे चाले. बिघडला तर तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणारा एखादा कारागीर असे आणि चार-आठ दिवसांत तो संच पुन्हा बोलू लागे. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, फिलिप्सचा पुण्याजवळ लोणी काळभोरला होता. या नावांवर लोकांचा विश्वास बसला तो केवळ दिनदर्शिकेवरील गुटगुटीत बाळाच्या चित्रामुळे नव्हे. त्या संचाचे सुटे भाग मिळत आणि तो उघडून पाहण्याची विद्या गावोगावच्या कारागिरांना अवगत होती, म्हणून.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विकणाऱ्याला मालाचे खरे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो. अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या संकटावरील उपायांत त्यांनी प्रसिद्ध व्यापारी नावाचीही गणना केली होती. बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, चाल पाहतो. बियाणे घेताना मूठभर हातात घेऊन पाहतो. मोबाइल संचाच्या पोटात काय आहे हे मात्र त्याला पाहता येत नाही. अशा वेळी ‘मागचा याच कंपनीचा होता, चार वर्षे चालला’ हा अनुभव हीच त्याची कसोटी असते. शेजाऱ्याकडे तोच संच असेल तर अडले-नडले विचारता येते, चार्जर मागता येतो. निष्ठेची ही बैठक पूर्णतः व्यवहारी आहे.

नाव राहिले, माणसे गेली

ही निष्ठा आंधळी नाही, याचा पुरावाही आपल्यासमोर आहे. नोकियाने २००३ साली बाजारात आणलेला ११०० हा संच धूळ झेलणारा होता, त्याला विजेरी होती आणि एकदा भारित केला की तो कित्येक दिवस चाले. भारनियमनाने गांजलेल्या गावांना याहून अधिक काय हवे होते? जगभर त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग विकले गेले. ग्रामीण भारतात मोबाइल म्हणजे नोकिया, असे समीकरण झाले होते. तरीही, पडद्याला बोट लावून चालविण्याचे स्वस्त संच येताच अवघ्या काही वर्षांत ग्राहक पांगले. २०१४ साली कंपनीचा मोबाइल व्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरचा प्रचंड कारखाना बंद पडला.

आपल्या घरचे उदाहरण व्हिडिओकॉनचे. तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, धूत कुटुंबाने उभारलेल्या या उद्योगाने रंगीत दूरचित्रवाणी संच मराठी मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवला. मराठवाड्यातील कंपनी म्हणून तिच्याविषयी आपलेपणाही होता. तो आपलेपणा तिला तारू शकला नाही. परदेशी स्पर्धा आणि नव्या धंद्यांत पसरलेले कर्ज यांखाली ती दबत गेली आणि २०१८ साली तिचे प्रकरण दिवाळखोरीच्या कार्यवाहीसाठी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे आले. तात्पर्य हे की, ग्राहक नावावर प्रेम करतो ते सेवा मिळते तोवर. ती थांबली, वा दुसरीकडे अधिक चांगली मिळू लागली, म्हणजे तो शांतपणे निघून जातो.

निष्ठा की अडकणूक?

मग आजची निष्ठा अधिक चिवट का भासते? कारण तिच्यात आता दुसराच एक धागा मिसळला आहे. रेडिओ बदलला तर जुन्या रेडिओत काहीच मागे राहत नसे. आजच्या संचात मुलांची छायाचित्रे आहेत, नातेवाइकांचे क्रमांक आहेत, बँकेचा व्यवहार आहे, आणि तो हाताळण्याची कष्टाने अंगवळणी पाडलेली सवयही आहे. कंपनी बदलायची म्हणजे हे सारे उचलून दुसऱ्या घरात नेणे. अर्थशास्त्रात याला बदलाचा खर्च म्हणतात. तो पैशांत दिसत नाही, पण ग्राहकाला पक्का जाणवतो. आणि कारखानदाराला तो ग्राहकाहून अधिक नेमका ठाऊक असतो. घड्याळ, कानातील श्रवणयंत्र आणि संगणक एकाच कंपनीचे असले तरच नीट जुळावेत, अशी रचना काही योगायोगाने होत नाही.

ही साखळी तोडता येते, हे आपण एकदा अनुभवले आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल क्रमांक तोच ठेवून सेवा देणारी कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. तोवर जे लोक ‘निष्ठावंत’ गणले जात होते, त्यांतील कित्येक केवळ आपला क्रमांक जाईल या भीतीने थांबलेले होते, हे त्यानंतर उघड झाले.

दुसरा धागा मुदतीचा आहे. वस्तूचे आयुष्य मुद्दाम बेतण्याची कल्पना नवी नाही. १९२४ साली युरोप-अमेरिकेतील बड्या दिवा-उत्पादकांनी जिनिव्हात फीबस नावाचा संघ स्थापून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचे ठरविले होते. अधिक काळ जळणारा दिवा बनविणाऱ्या सभासदाला दंड होई. आजची पद्धत अधिक सभ्य आहे. यंत्र मोडत नाही, त्याला पुरविली जाणारी आज्ञावली थांबते. जुन्या आयफोनची गती बॅटरी जीर्ण झाल्यावर आपण कमी करतो, हे अ‍ॅपलने २०१७ च्या डिसेंबरमध्ये मान्य केले. यंत्र अचानक बंद पडू नये म्हणून ही योजना, असे तिचे म्हणणे होते. परंतु ग्राहकाला ते आधी सांगितले नव्हते, म्हणून फ्रान्सने २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड केला. बॅटरी बदलून भागणार होते तेथे किती जणांनी नवा संच घेतला असेल, याचा हिशेब कोण देणार?

आपल्या खेड्यांतील उदाहरण जिओफोनचे आहे. २०१७ साली दीड हजार रुपयांच्या अनामत रकमेवर मिळालेल्या या बटनांच्या संचाने लक्षावधी घरांत प्रथमच इंटरनेट नेले. पुढच्याच वर्षी त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आले आणि २०२५ च्या प्रारंभी ते बंदही झाले. संच धडधाकट, बटने शाबूत. पण गावाशी जोडणारा दुवा तुटला. अशा वेळी ग्राहक नवा संच घेतो, तेव्हा विक्रीच्या आकड्यांत ती ‘उन्नती’ म्हणून नोंदली जाते. वस्तुतः ती सक्ती असते.

तिसरा धागा हप्त्यांचा. दुकानातच अर्ज भरून तासाभरात कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी किमतीचा आकडा नजरेआड केला आहे. बँकांच्या ‘शून्य व्याज’ योजनांत व्याज अन्य रूपाने वसूल होते, अशी समज रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच दिली होती. तरी जुना संच द्या, फरक हप्त्यांनी फेडा, हे आमंत्रण आजही प्रत्येक फलकावर झळकते. पहिले हप्ते फिटतात न फिटतात तोच पुढले सुरू होतात.

शासनाचा हातभार

या व्यवहारात शासन निव्वळ प्रेक्षक आहे असेही नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढून स्वतः नोंद करावयाची आहे; आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर नुकसानभरपाईपासून धानाच्या शासकीय खरेदीपर्यंत सर्वत्र अडचण उभी राहते. एका संचावरून अनेकांच्या नोंदी करण्याची सोय आहे, हे खरे. तथापि ज्याचा संच नवे ॲप उघडू शकत नाही, तो शेजाऱ्याच्या मुलाच्या सवडीवर अवलंबून राहतो. ज्या वस्तूवाचून सरकारी काम अडते, ती चैनीची वस्तू राहत नाही. तिच्या आयुष्याची हमी मागणे हा मग नागरिकाचा हक्क ठरतो.

गोसीखुर्दच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. भंडारा-नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावांची शेती धरणाच्या पाण्याखाली गेली. २०१३ साली राज्य शासनाने प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज मंजूर केले आणि पुष्कळ कुटुंबांच्या हाती बांधीच्या बदल्यात रोख रक्कम आली. या रकमेतून कोणी काय घ्यावे हे सांगण्याचा अधिकार इतरांना नाही. परंतु देवाणघेवाणीचे स्वरूप मात्र ओळखले पाहिजे. जमिनीला मुदत नव्हती. ती पिढ्यान्पिढ्या पीक देत होती. तिच्या मोबदल्यातून जे यंत्र घरी येते, त्याची मुदत दूर कोठेतरी आधीच ठरलेली असते आणि ती खोक्यावर छापलेली नसते.

मागावे काय?

यावर नव्या वस्तूंचा त्याग हा उपाय नव्हे. नवे संच अनेक बाबतींत खरोखरच सरस आहेत आणि गरिबाने मात्र जुन्यावर भागवावे, हा उपदेश शोभणाराही नाही. मागणी असली पाहिजे ती कराराच्या स्पष्टतेची. फ्रान्समध्ये २०२१ पासून वस्तू दुरुस्त होण्याजोगी किती आहे याचा गुणांक विक्रीच्या वेळी दाखवावा लागतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून मोबाइल संचांसाठी नियम लागू केले आहेत: विक्री थांबल्यानंतरही महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे आणि आज्ञावलीची सुधारणा किमान पाच वर्षे पुरविली पाहिजे. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ उघडले आणि २०२५ च्या मे महिन्यात दुरुस्तीक्षमतेच्या निर्देशांकाचा आराखडा एका समितीने सादर केला. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण आराखड्याने संच दुरुस्त होत नाही. सुटे भाग आणि आज्ञावली किती वर्षे मिळेल हे खोक्यावर किमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती झाली पाहिजे. शासनाची स्वतःची ॲप जुन्या संचांवर चाललीच पाहिजेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तयार होणाऱ्या कारागिराला अस्सल सुटे भाग रास्त दराने मिळाले, तर तालुक्याच्या गावातील दुरुस्तीचा धंदाही पुन्हा उभा राहील.

ग्राहक चळवळीची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, तेव्हा प्रश्न तेल-साखरेच्या भावाचा आणि मापातील लबाडीचा होता. आज माप काळाचे आहे, आणि त्यातील लबाडी तराजूत दिसत नाही. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हेच आपापल्या घरातील व गावातील खरेदीचे सल्लागार असतात. त्यांनी दुकानदाराला किमतीबरोबर ‘हा किती वर्षे चालेल, आणि बिघडला तर कोण दुरुस्त करील?’ एवढे विचारण्याचा परिपाठ ठेवला, तरी कारखानदाराला उत्तर तयार ठेवावे लागेल. आपल्या निष्ठेची किंमत ग्राहकाने आजवर पुरेपूर मोजली आहे. तिची पावती मागण्याची वेळ आता आली आहे.