एम.ए. इंग्रजीचा, माणूस कुठल्या भाषेचा?

शेजारची मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. झाली. पेढे घेऊन आली तेव्हा सहज विचारले, ''दोन वर्षांत मनात राहिलेली एखादी कविता सांग.'' ती गडबडली. मग प्रामाणिकपणे म्हणाली, ''काका, कविता कुठे वाचल्या? नोट्स वाचल्या!'' पेढा घशाखाली उतरेना.

दोष त्या मुलीचा नाही, तुमचा-आमचा आहे. सीमाभागातल्या आपल्या घरांनी इंग्रजीला भाषा म्हणून कधी जवळ केलेच नाही. मराठी की कन्नड, या भांडणातून निसटायची ती पळवाट आणि नोकरीचा परवाना. पोरगे इंग्रजी घेते म्हटले की आपण सुटलो! मग शेक्सपिअर त्याने गाइडातून वाचला की मोबाईलवरच्या आयत्या सारांशातून, विचारतो कोण? शेवटी हाती उरते पदवी. इंग्रजी परकी ती परकीच, आणि मराठीत दोन पानांचे पत्र लिहायला हात धजत नाही.

यावर शहाणे सांगतात, इंग्रजी साहित्य शिकायचे तर आपली भाषा वर्गाबाहेरच ठेवावी लागते. साफ खोटे! आपल्याच मुलखाकडे पाहा. धारवाडला इंग्रजी शिकवता शिकवताच जी. ए. कुलकर्णींनी मराठी कथा लिहिली. १९५०च्या दशकात ए. के. रामानुजन बेळगावात इंग्रजी शिकवत होते आणि इथल्याच कन्नड लोककथा गोळा करीत होते. कन्नडचे यू. आर. अनंतमूर्ती, मराठीचे विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे हे तिघेही इंग्रजीचे प्राध्यापक. तिघांना अनुक्रमे १९९४, २००३ आणि २०१४ चे ज्ञानपीठ मिळाले, ते मात्र आपापल्या भाषेतल्या लेखनासाठी. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट' मराठीत आणले, विंदांनी 'किंग लिअर'. परक्या भाषेतले एक वाक्य आपल्या भाषेत आणताना जीव मेटाकुटीला येतो, तेव्हाच ते वाक्य खरे वाचून होते.

म्हणून मागणे एकच. इंग्रजीच्या प्रत्येक एम.ए.ला भाषांतराची प्रश्नपत्रिका सक्तीची करा. ऐच्छिक म्हणून कोपऱ्यात बसवू नका. इंग्रजीतून मराठीत किंवा कन्नडमध्ये, आणि उलटही. परीक्षेच्या खोलीत बसून, स्वतःच्या हाताने. तिथे पाठ केलेल्या नोट्स कामाला येणार नाहीत.

विद्यापीठ ऐकेल तेव्हा ऐकेल. पालकहो, तोवर फराळाच्या ताटावर मुलांना एवढे तरी विचारा : ''यंदा इंग्रजीत काय वाचलेस? आम्हाला मराठीत सांग.''

त्या मुलीला मी एक छोटी इंग्रजी कविता दिली. म्हटले, भाऊबीजेपर्यंत मराठीत करून आण. परवा आली ती कपाळाला आठ्या घालून. ''काका, दोन ओळींतच अडकले.''

अडकली म्हणजे वाचू लागली. आता पेढे मी देणार आहे.