प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळा पाहा

घरफोडी झाली की घरातली माणसे आधी विस्कटलेले कपाट आवरायला धावतात. त्यावरचे बोटांचे ठसे तिथेच पुसले जातात आणि चोर अर्धा सुटतो. रक्ताने भिजलेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, तर ओलाव्याने त्यात जंतू वाढतात व डीएनए खराब होतो. तोच कपडा सावलीत वाळवून कागदात गुंडाळला, तर पुरावा टिकतो. अशा बारीकसारीक गोष्टींचे शास्त्र म्हणजे न्यायसहायक विज्ञान, अर्थात फॉरेन्सिक सायन्स.

या शास्त्रात भारत मागे नव्हता. कोलकात्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय १८९७ मध्येच सुरू झाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. सागर विद्यापीठात १९५९ पासून हा विषय शिकवला जातो. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय संस्था आहेत. गांधीनगरच्या विद्यापीठाला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. साहजिकच या विषयाकडे मुलामुलींचा ओढा वाढला आहे आणि लहान गावांतल्या महाविद्यालयांतही तो शिकता येतो.

लहान महाविद्यालय म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. वर्गात वीस विद्यार्थी असतील, तर सूक्ष्मदर्शक प्रत्येकाच्या हाती येतो. शंभरांच्या गर्दीत तो लांबूनच दिसतो. मात्र शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. प्रयोगशाळेतली उपकरणे वापरात आहेत की कपाटात बंद? शिकवणारे त्याच विषयातले आहेत का? विद्यार्थ्यांना ठसे उचलणे, मुद्देमाल सीलबंद करणे, नोंदवही लिहिणे प्रत्यक्ष करायला मिळते का? पदवी कोणत्या विद्यापीठाची?

अभ्यासक्रमाचे नावही नीट वाचावे. गुन्हेशास्त्रात माणूस गुन्हा का करतो, समाजाने काय करावे, याचा विचार असतो. न्यायसहायक विज्ञानात रसायन, जीव आणि भौतिकशास्त्राच्या मदतीने पुरावा तपासतात. दुसऱ्यासाठी बहुतेक ठिकाणी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण असावे लागते.

नोकरीबाबत भ्रमात राहू नये. दूरदर्शन मालिकांत तासाभरात खुनी सापडतो. प्रत्यक्षात एका नमुन्याची तपासणी कित्येक दिवस चालते. शिवाय सरकारी प्रयोगशाळांतील अनेक पदांसाठी रसायन किंवा जीवशास्त्रासारख्या मूळ विषयाची पदवी मागतात. म्हणून मूळ विषय पक्का करून पदव्युत्तर शिक्षणाची तयारी ठेवणे शहाणपणाचे.

या कामात हुशारीइतकीच नेटकेपणाची गरज असते. पाकिटावरचा क्रमांक चुकला किंवा सील तुटलेले आढळले, तर बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. खरा गुन्हेगार सुटू शकतो, निरपराध माणूस अडकू शकतो. ज्या महाविद्यालयात मुलांना ही जबाबदारी रोजच्या नोंदवहीतून शिकवली जाते, ते कितीही लहान असले तरी तिथे घातलेली वर्षे वाया जात नाहीत.