हलक्या बंदुकीचा धक्का

शिकारकथेवरील एका तासाला किनवटकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, दहा-बारा वर्षांच्या पोराला ही बंदूक पेलली कशी?" वर्ग हसला. मीही हसून पुढच्या मुद्द्याकडे वळलो. निवेदक, काळ, भयाची रचना अशी ठरलेली उपकरणे हाताशी होती आणि त्यांत बंदुकीच्या वजनाला जागा नव्हती. घरी परतल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. शिकारकथा ही अखेर शरीर, हत्यार आणि प्राणी या तिघांची कथा असते. त्यांतील हत्यार कोणत्या शरीरासाठी घडवले होते, हे न विचारता आपण ती कथा वाचतो आणि शिकवतो. तो प्रश्न वाङ्मयाबाहेरचा नव्हता. तो टाळणे ही माझी चूक होती. प्रस्तुत टिपण म्हणजे त्या चुकीची उशिरा केलेली दुरुस्ती आहे.

आधी त्या विद्यार्थ्याला द्यायचे राहिलेले उत्तर देऊ. प्रौढ माणसासाठी बनवलेली रायफल मुलाच्या हाती जशीच्या तशी देता येत नाही. दस्त्याची मागची कड खांद्याला टेकवली की बोट चापापर्यंत सहज पोचले पाहिजे. प्रौढासाठी हे अंतर साधारण साडेतेरा इंच धरतात, मुलासाठी ते बारा इंचांच्या आसपास आणावे लागते. म्हणून कारागीर दस्ता आखूड करतो, अक्रोडाचे लाकूड आतून कोरून हलके करतो, नळी बारीक आणि आखूड ठेवतो. मूल वाढेल तसा दस्ता वाढवता यावा म्हणून मागे पट्ट्या बसवण्याची सोय करतो. अशा रीतीने किलोभर वजन कमी करता येते.

पण इथेच एक अडचण उभी राहते. काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली तर तिचा धक्का वाढतो. चार किलोची बंदूक तीन किलोची केली की खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. वजन कमी झाल्याचे सुख चालताना मिळते, त्याची किंमत चाप ओढताना मोजावी लागते. ज्या मुलाच्या खांद्याला पहिल्याच दिवशी असा मार बसतो ते पुढे चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागते, अंग आक्रसून घेते, आणि ही सवय मोठेपणीही सहजी सुटत नाही. म्हणून जाणता कारागीर बंदुकीआधी काडतूस हलके करतो. मुलाच्या मापाची बंदूक म्हणजे केवळ हलकी बंदूक नव्हे. तिचा धक्का मुलाला सोसवेल असाही असावा लागतो.

हा नियम मनात ठेवून जिम कॉर्बेट यांच्याकडे पाहावे. त्यांचे 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' १९४४ साली आले आणि शिकारकथेचा आदर्श ठरले. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने १९५३ चे 'जंगल लोअर' अधिक महत्त्वाचे आहे. त्यात एका मुलाच्या हाती हत्यारे कोणत्या क्रमाने आली याचा जणू हिशेबच दिला आहे. आधी गलोल, मग खडे मारायचे धनुष्य, मग तारेने बांधलेली, एक नळी निकामी असलेली ठासणीची बंदूक आणि मग स्वयंसेवक दलाकडून उसनी मिळालेली मार्टिनी रायफल. प्रत्येक हत्याराबरोबर मुलाचे रान थोडे मोठे होते आणि त्याची जबाबदारीही वाढते. पुढे १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल कॉर्बेट यांना जी .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली, तीही हलकी आणि मऊ धक्क्याची म्हणूनच नावाजलेली होती. १९२६ साली रुद्रप्रयागच्या बिबट्यावर झाडलेली गोळी याच रायफलीची. मोठ्या नळीच्या जड बंदुका हे ज्या काळात साहेबी शिकारीचे लक्षण होते, त्या काळातील ही गोष्ट आहे.

कॉर्बेट यांच्या गद्याचा संयम आणि त्यांच्या रायफलीचा संयम यांत मला नाते दिसते. पण त्यांच्या हत्यारांच्या त्या शिडीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. प्रत्येक पायरीवर कोणीतरी मोठा माणूस विश्वासाने हत्यार हाती देतो आणि ते बाळगण्याबद्दल मुलाला कोणी जाब विचारत नाही. शिकारकथेतील बालपण रम्य वाटते ते यामुळे. बंदुकीचा धक्का त्या मुलाच्या खांद्याला बसतो, समाजाचा धक्का बसत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. नांदेड आणि लातूर हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्याचे भाग होते. त्या राज्यात बंदुकीची शिकार ही जहागीरदार, अधिकारी आणि त्यांचे पाहुणे यांची करमणूक होती. सामान्य शेतकऱ्याच्या मुलाचे हत्यार होते गोफण. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून पाखरे हाकायची, आणि त्यासाठी मुलाच्या हाताच्या लांबीची गोफण घरातच वळली जाई. मुलाच्या मापाचे हत्यार ही कल्पना आपल्याकडेही होती, फक्त त्याची शिकारकथा झाली नाही. ती राखण होती.

दुसरे हत्यार होते फासे. फासेपारध्यांचे मूल घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे वळायला शिकते, तितराची शीळ घालायला शिकते, ससा कोणत्या वाटेने परतेल हे गवताच्या कलावरून ओळखायला शिकते. 'जंगल लोअर'मधल्या मुलाचेही शिक्षण हेच आहे. पाहणे, ऐकणे, वाट बघणे, चुकणे आणि पुन्हा पाहणे. परंतु १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचा कायदा होता. साहेबांच्या आणि सरदारांच्या शिकारीत माग काढायला, हाका घालायला पारधी चालत असे. शिकार संपली की तोच माणूस संशयित ठरे. तेच कौशल्य एका मुलाच्या बाबतीत 'निसर्गाचे शिक्षण' आणि दुसऱ्याच्या बाबतीत 'गुन्ह्याचे शिक्षण'. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण शब्दांतला हा भेद रद्द झाला असे म्हणवत नाही.

या भेदाचा पुरावा शोधायला लातूरच्या बाहेर जावे लागत नाही. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण ते दलित-भटक्या आत्मकथनांच्या घटकात शिकवतो आणि शिकारकथा ललित गद्याच्या घटकात शिकवतो. दोन्हींची एकमेकांशी गाठ पडू देत नाही. वास्तविक 'उचल्या'तही मुलांच्या हातांना वळण लावण्याचे प्रसंग आहेत. बोटे किती हलकी असावीत, नजर कुठे असावी, कधी थांबावे, हे तिथेही वडीलधारेच शिकवतात. मात्र तिथे शिक्षणाचा आणखी एक भाग आहे. पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून मुलांना आधीच मार खायला शिकवले जाते.

इथे मला बंदुकीच्या त्या नियमाची आठवण होते. एका मुलासाठी कारागीर हत्याराचा धक्का कमी करतो. दुसऱ्या मुलाच्या बाबतीत धक्का कमी करण्याची कोणाचीच इच्छा नसते, म्हणून त्याचे शरीरच धक्क्याच्या मापाचे केले जाते. ही दोन पुस्तके एकाच तासाला शेजारी ठेवली तर 'बालपण', 'कौशल्य', 'दीक्षा' या आपल्या लाडक्या समीक्षेच्या शब्दांचा खरा अर्थ तपासावा लागेल. मला वाटते, तो तपासण्याची वेळ आली आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शिकारकथा वाचताना इतका समाजशास्त्रीय हिशेब मांडला तर तिचा आनंद उरेल का? व्यंकटेश माडगूळकर स्वतः बंदूक घेऊन रानात हिंडलेले लेखक. पुढे 'नागझिरा'मध्ये त्यांच्या हातातल्या बंदुकीची जागा टिपणवहीने घेतली. त्या पुस्तकाचा आनंद यामुळे कमी झाला का? उलट, शिकाऱ्याची नजर तीच राहून हत्यार बदलले की गद्य कसे बदलते, हे पाहण्याची संधी त्यातून मिळते. हत्याराविषयी विचारणे म्हणजे आनंदाला विरजण घालणे नव्हे. नांदेडजवळ गोदावरीकाठी शिकारघाट नावाचे गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंहांनी तिथे एका सशाची शिकार केली आणि त्या जीवाला पूर्वजन्माच्या बंधनातून मुक्ती मिळाली, अशी परंपरेतील कथा आहे. शिकार म्हटल्यावर शिकार झालेल्या जीवाचे काय झाले, हा प्रश्न आपल्या परिसराच्या स्मृतीतही आहे.

दुसरा आक्षेप वर्तमानातून येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार संपली, मग आता हा विषय कशाला? पण किनवट, माहूर, हदगावकडच्या मुलांना विचारा. रानडुकरांनी आणि रोह्यांनी एका रात्रीत उभे पीक लोळवलेले त्यांनी पाहिले आहे. कायद्याच्या ११व्या कलमात अशा प्राण्यांना मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे, पण परवानगीचा कागद आणि परवान्याची बंदूक या दोन्ही गोष्टी लहान शेतकऱ्यापासून दूर असतात. मग कुंपणात चोरून वीज सोडली जाते. त्या तारेला डुक्कर चिकटते, कधी बिबट्या, कधी शेजारचा माणूस. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१८ च्या नोव्हेंबरात पांढरकवड्याची वाघीण मारली गेली ती हैदराबादच्या एका शिकारी घराण्यातील तरुणाच्या गोळीने. शासनाने पाचारण केलेल्या वडिलांबरोबर तो आला होता. त्या गोळीवरून देशभर वाद झाला. शिकारीचा वारसा बापाकडून मुलाकडे जाणे ही केवळ जुन्या पुस्तकांतली गोष्ट राहिलेली नाही.

आणि कायदा काय सांगतो? १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणापुरती सवलत आहे. परवान्याशिवाय बंदूक बनवणे हा गुन्हा आहे, आणि परवान्याशिवाय तिची नळी आखूड करणे हाही गुन्हा आहे. म्हणजे मुलासाठी हलकी बंदूक घडवण्याचे जे काम अन्यत्र बाप-लेकांच्या जिव्हाळ्याचे मानले जाते, ते आपल्याकडे फौजदारी प्रकरण ठरू शकते. मला हे बंधन योग्य वाटते. मुलाच्या शरीराचे माप घेऊन हत्यार घडवण्याची विद्या मात्र वाईट नाही. नेमबाजीच्या रायफलींचे दस्ते खेळाडूच्या गालाच्या, खांद्याच्या मापाने बसवले जातात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले ते याच विद्येच्या आधाराने. समोर प्राणी नसला तरी एकाग्रता, श्वास आणि संयम तेच असतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे. शिकारकथा अभ्यासक्रमातून काढून टाकू नये. पर्यावरणाच्या नावाखाली तिला निकालात काढणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. पण ती शिकवताना दोन प्रश्न अनिवार्य मानावेत. हे हत्यार कोणाच्या मापाचे आहे? आणि त्याचा परवाना कोणाच्या नावाचा आहे? पहिला प्रश्न आपल्याला शरीराकडे नेतो, दुसरा इतिहासाकडे. या दोन प्रश्नांसह 'जंगल लोअर' आणि 'उचल्या' एकत्र वाचणारा विद्यार्थी दोन्ही पुस्तकांवर अधिक प्रेम करील, असा माझा विश्वास आहे.

पुढच्या सत्रात तोच तास पुन्हा घ्यायचा आहे. किनवटचा तो विद्यार्थी तेव्हा वर्गात नसेल. पण या वेळी बंदुकीचे वजन मीच आधी फळ्यावर लिहिणार आहे, आणि त्याखाली तिचा धक्का.