पीक मोडण्याचा निर्णय एकट्या शेतकऱ्यावर नको

ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीहून 36 टक्के कमी पडला. सोयाबीन तेव्हा फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत होते. कित्येक शेतकऱ्यांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला. सुरतेत उधना, लिंबायत, दिंडोलीत राहणाऱ्या अनेक खानदेशी कुटुंबांची शेती आजही धुळे, नंदुरबार, जळगावात आहे. पीक ठेवायचे की मोडायचे, हा प्रश्न त्यांच्याही घरचा आहे.

सुरत आणि खानदेश दुष्काळाने पूर्वीही बांधले गेले आहेत. 1630 साली पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सुरतेहून नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपूरला गेला, तेव्हा वाटेत त्याला भुकेने मेलेली माणसे दिसली. शाहजहानने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत प्रांतात लंगर उघडले, सारा माफ केला. पण पिके हातची गेल्यावर. 1972च्या दुष्काळात महाराष्ट्रात सरकारी कामांनी लाखो हातांना रोजगार दिला आणि 1977 मध्ये वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेचा कायदा झाला. हे फार मोठे पाऊल होते. तरीही मदत पोचायची ती हंगाम बुडाल्यानंतरच.

सोयाबीनचे गणित वेळेचे असते. फुले गळाली तरी झाड हिरवे असेल आणि पाऊस परतला, तर काही शेंगा भरतात. पाने झडून शेंगा चपट्या राहिल्या, तर सोंगणी-मळणीचा खर्चही निघत नाही. अशा वेळी पीक चाऱ्याला कापावे किंवा जमिनीत गाडावे आणि पाऊस झाला की रब्बीची ज्वारी, हरभरा पेरावा, हेच शहाणपण. चाऱ्याला वापरण्याआधी फवारणी केव्हा झाली होती, एवढे मात्र तपासलेच पाहिजे. पण भरपाई हुकेल या भीतीने शेतकरी वाळलेले पीक तसेच उभे ठेवतो आणि रब्बीची वेळ निघून जाते.

या भीतीवर पीकविम्यात एक उतारा होता. पावसाच्या मोठ्या खंडामुळे अपेक्षित उत्पादन विम्यासाठी ठरवलेल्या उंबरठा उत्पादनाच्या निम्म्याहून खाली जाण्याची चिन्हे दिसली, तर हंगामातच 25 टक्के आगाऊ भरपाई मिळे. महाराष्ट्राने 2025च्या खरिपापासून ही तरतूद वगळली. आता मुख्य भिस्त पीककापणी प्रयोगावर आहे. म्हणजे पीक कापणीला येईपर्यंत थांबा, मग नुकसान मोजू.

आगाऊ भरपाई वगळण्याचे हे पाऊल मागे घ्यावे. पावसाचा खंड 21 दिवसांचा झाला की महसूल मंडळनिहाय पाहणी व्हावी, आठवड्यात निकाल लागावा आणि पीक मोडण्याची लेखी मुभा मिळावी. सुरतेतल्या खानदेशी मंडळींनी ही मागणी आपापल्या गावच्या ग्रामसभेत ठरावाने मांडावी आणि पुढच्या खरिपाआधी सरकारपर्यंत पोचवावी.