चौथऱ्यावरचा सी हॅरियर

मे २०१६ मध्ये गोव्याच्या ‘हंसा’ तळावर भारतीय नौदलाने सी हॅरियरला निरोप दिला. ज्या ‘विक्रांत’ आणि ‘विराट’वरून ही विमाने झेपावली, त्या दोन्ही नौका भंगारात गेल्या, काही विमाने मात्र वाचली. हे सुदैवच. पण वाचवून केले काय? चौथरा, रंगाचा ताजा हात, नाव-सन कोरलेली पाटी आणि पुढे सेल्फी काढणारी गर्दी! यंत्राचा पुतळा करण्याची ही देशव्यापी हौस म्हणजे ज्ञानाची उधळपट्टी आहे.

कारण हॅरियरचे सारे नवल त्याच्या पोटात आहे. पेगासस इंजिनाला चार फिरते नॉझल. पुढच्या दोहोंतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोहोंतून तप्त वायू. आतले दोन चक्रसंच परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात, म्हणून अधांतरी थांबलेले विमान त्यांच्या कोनीय संवेगामुळे भलतीकडे कलत नाही. त्या क्षणी पंखांवरून वारा वाहत नसल्याने नेहमीची नियंत्रण-पाती निरुपयोगी ठरतात. तोल सांभाळतात ते नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांशी असलेले हवेचे छोटे झोत. इंजिनाचा रेटा सुमारे ९५ किलोन्यूटन, म्हणजे साडेनऊ टनांच्या आसपास वजन तोलण्याइतका. इंधन-शस्त्रांनी पूर्ण भरलेले विमान त्याहून जड. म्हणूनच उड्डाणासाठी ‘विराट’च्या टोकाला १२ अंशांचा चढ होता आणि सरळ खाली उतरणे फक्त हलके होऊन परतताना. अकरावीच्या विद्यार्थ्याला वहीत सोडवता येईल असे हे गणित कोणत्या पाटीवर लिहिलेले असते?

गोपनीयतेची सबब येथे टिकत नाही. इंजिनाची मूळ कल्पना १९६०च्या आधीची आहे. प्रेक्षक विमानाची नासधूस करतील, हेही पटणारे नाही. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर टीयू-१४२ विमानाच्या आत शिरून लोक त्याची उपकरणे पाहतातच.

निदान एका हॅरियरची एक कूस उघडून तेथे पारदर्शक पत्रा बसवावा. नॉझल फिरवणारा दांडा मुलांच्या हाती द्यावा. आणि पाटीवर हेही लिहावे की, या ताफ्यातील निम्म्याहून अधिक विमाने अपघातांत गेली, काही वैमानिकांसह. आणि अधांतरी थांबू शकणारे यंत्र हाताळणे इतके कठीण का होते.