रात्रीत शहाणी झालेली गाडी

माणसाने कोणावर किती विश्वास ठेवावा, याबद्दल आमच्या वडिलांची मतं फार ठाम होती. दूधवाल्यावर ठेवू नये. डॉक्टरवर ठेवावा, पण दुसऱ्या डॉक्टरला विचारून. आणि न्हाव्यावर मात्र डोळे मिटून ठेवावा, कारण वस्तरा गळ्यावर असताना दुसरं काही करताच येत नाही. मोटारीवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. त्यांच्या काळी मोटार एक तर चालत असे, नाही तर चालत नसे. ती स्वतःच्या मताने वळत नसे.

माझी वळते.

आम्ही कशेळीला राहतो. फ्लॅट दाखवताना बिल्डरने 'ठाण्यातच हो!' असं सांगितलं होतं. मध्ये एक खाडी आणि एक पूल आहे, एवढं सांगायचं तो विसरला. बाळकूम सोडून कशेळीचा पूल ओलांडला की तालुका भिवंडी. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा अशी गोदामांची रांग, आणि त्या गोदामांकडे निघालेल्या कंटेनरांची त्याहून मोठी रांग. आमच्या बाजूला फर्निचरची दुकानं. त्यामुळे पुढे टेंपो, टेंपोवर उलटा सोफा आणि त्या उलट्या सोफ्यावर सरळ बसलेला हमाल, हे आमचं रोजचं दर्शन.

अशा गावात मी स्वतःहून वळणारी गाडी घेतली. मुलाचा आग्रह! "बाबा, तुमचं वय झालं, गाडी मदत करेल." वय झाल्याचं दुःख करावं की मदतीचा आनंद मानावा, हे ठरेपर्यंत त्याने बुकिंग केलंही होतं.

या मदतीची कला साधी आहे. समोरच्या काचेला, आरशामागे, एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघतो. गाडी पट्ट्याकडे सरकू लागली की स्टिअरिंगची विजेची मोटर चाक हळूच फिरवून तिला मध्ये आणते. आता कशेळीच्या रस्त्यावर पांढरा पट्टा शोधायचा म्हणजे काय! जिथे दर पावसाळ्यानंतर डांबरच नव्याने शोधावं लागतं, तिथे पट्टा कुठला? गावात असेपर्यंत गाडीचं हे शहाणपण झोपलेलं असे. एका टेंपोवाल्याला मी मोठ्या कौतुकाने ते समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, "दादूस, गाडी आपापली वळते, तर तुम्ही आत कशाला बसता?"

प्रश्न वरवर अडाणी, पण उत्तर मोठमोठ्या इंजिनिअरांना द्यावं लागलं आहे. गाडीने किती चालवायचं आणि माणसाने किती, याच्या ० ते ५ अशा पायऱ्या अमेरिकेतल्या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने ठरवल्या आहेत. शून्य म्हणजे सगळं माणूस, पाच म्हणजे सगळं गाडी. माझी गाडी दुसऱ्या पायरीवरची. म्हणजे चाक ती फिरवणार, वेगही ती सांभाळणार, पण लक्ष मी ठेवायचं आणि धडकली तर जबाबदार मी. सरकारी कचेरीतल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. मसुदा एकाचा, सही दुसऱ्याची!

तरी आमचं जमलं होतं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता आमच्या भिवंडी तालुक्यात येऊन टेकला. या रस्त्यावर पट्टे आहेत. नुसते आहेत असं नाही, दिसतात! तिथे माझ्या गाडीचं शहाणपण जागं होई. नाशिकला बहिणीकडे चार-पाच फेऱ्या झाल्या आणि मला तिचा स्वभाव कळला. ती किती जोराने चाक ओढते, वळणावर कुठे कचरते, पट्टा पुसट झाला की हात सोडण्यापूर्वी कशी दोनदा 'टुंग टुंग' करते, हे सगळं माझ्या हातांना पाठ झालं. संसारात जसं बोलण्याआधी कळतं, तसं.

मग एका रात्री ती शहाणी झाली.

पडद्यावर सूचना आली होती : 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. आता की नंतर?' 'नको' असा तिसरा पर्याय नव्हता. मी तीन रात्री 'नंतर' म्हटलं, चौथ्या रात्री कंटाळून 'आता' म्हटलं. सकाळी खाली येऊन बघतो तो पडद्यावर लिहिलेलं : 'किरकोळ सुधारणा केल्या असून स्थिरता वाढवली आहे.' संपलं. आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी धुणार असली तर यापेक्षा मोठी नोटीस लागते.

त्या रविवारी भाच्याच्या साखरपुड्याला निघालो. समृद्धीवर उजवीकडून एका कंटेनरला मागे टाकत होतो. कंटेनरजवळून जाताना मी नेहमी वीतभर लांब सरकतो. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. पूर्वी गाडी मला ते सरकणं करू देई. या वेळी तिने चाक माझ्या हातातून ओढलं आणि मला पुन्हा मधोमध, म्हणजे कंटेनरच्या बाजूला, आणलं. मी ओढतोय, ती ओढतेय. दोन्ही हातांनी चाक धरून मी सरळ केलं. पुढे एका वळणावर पट्टा पुसट होता. मी 'टुंग टुंग' ची वाट बघत होतो. ते वाजलंच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात शेंगदाण्याएवढं हिरवं चित्र निमूटपणे करडं झालं, आणि गाडी कठड्याच्या दिशेने सरळ निघाली.

"अहो!"

आमच्या हिचा हा शब्द कोणत्याही सेन्सरपेक्षा लवकर येतो, आणि त्याला कधी अपडेट लागत नाही. म्हणून आज हा लेख लिहितो आहे.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला गेलो. टाय लावलेला मुलगा अदबीने म्हणाला, "सर, फीचर इम्प्रूव्ह झालंय."

"मला कोणी सांगितलं का?"

"सर, तुम्ही 'आता' दाबलंत ना!"

"बरं, जुनं परत घालून दे."

"सर, मागे जाता येत नाही."

म्हणजे बघा. गाडी माझी, कर्ज माझं, धडकली तर गुन्हा माझा, आणि तिचा स्वभाव मात्र कोणीतरी परस्पर, रात्री, माझ्या वायफायवरून बदलणार! घरच्या मोलकरणीने कामाची वेळ बदलली तरी आधी सांगते.

मी अपडेटच्या विरुद्ध नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत टेस्लाने २० लाखांहून जास्त गाड्यांतली अशीच एक चूक सुधारली. गाडी चालवणारा समोर लक्ष ठेवतो की नाही, हे बघण्यात यंत्र कमी पडत होतं. एकही गाडी गॅरेजात न बोलावता, घरबसल्या काम झालं. हे मोठंच सुख आहे. पण त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये एक आवृत्ती पाठवली, तेव्हा काही गाड्या समोर काही नसताना धडकेचा इशारा देऊ लागल्या, काही आपोआप ब्रेक मारू लागल्या. मग ती आवृत्ती घाईघाईने मागे घेतली, आणि ११,७०४ गाड्यांची रीतसर दुरुस्ती जाहीर करावी लागली. म्हणजे मागे जाता येतं! चूक पुरेशी मोठी असली आणि मनात असलं की येतं.

त्या दिवसापासून मी काय करतो सांगू? गाडीत बसलो की पहिलं काम, ती मदत बंद. पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ती पुन्हा आपोआप चालू झालेली असते, मी पुन्हा बंद करतो. आणि हे चांगलं नाही, हे मला कळतं. सरळसोट रस्त्यावर दुपारी डोळा लागतो. अशा वेळी याच मदतीने माझा जीव वाचू शकतो. ती बनवणाऱ्यांची अक्कल मी नाकारत नाही. पण जी काठी कधी वाकेल हे सांगता येत नाही, ती टेकून म्हातारा चालत नाही. तो काठी कोपऱ्यात ठेवतो आणि भिंत धरून चालतो. गाडीत बदल एका रात्रीत होतो, माझ्या हातांत होत नाही. हात जुन्याच गाडीच्या भरवशावर असतात, आणि धोका नेमका तिथे असतो.

म्हणून मागणं एवढंच. चाक, ब्रेक आणि इशारे यांत काहीही बदललं, तर सरळ मराठीत सांगा : पूर्वी असं होत होतं, आता असं होईल. 'स्थिरता वाढवली' हे पुरे नाही. 'नको' म्हणायची सोय ठेवा. धोका दूर करणारी दुरुस्ती असेल तर सक्ती करा, पण तसं स्पष्ट लिहा. आणि बदल पटला नाही तर मागे जायची वाट ठेवा. यासाठी कुठलं नवं संशोधन लागत नाही, थोडी रीतभात लागते.

काल दाढीला गेलो होतो. कशेळीचंच दुकान, वीस वर्षांचा पोरगा. गळ्याशी वस्तरा आणला आणि थांबला.

"काका, आज नवीन पातं घातलंय. जरा जास्त धार आहे. चालेल ना?"

मी डोळे मिटले.