परंपरा कुणाची, झेंडा कुणाच्या हातात?

‘परंपरा’ हा शब्द उच्चारला की भलेभले गप्प बसतात. ती कुणी सुरू केली, केव्हा केली, कुणाच्या फायद्यासाठी केली, हे प्रश्न विचारायचे नसतात, असा अलिखित दंडक आहे. तो फक्त आपल्याच देशात आहे असे कुणी समजू नये. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात हाच दंडक वर्षानुवर्षे कॉलेज फुटबॉलच्या मैदानावर पाळला गेला.

ऑक्सफर्ड गावातले मिसिसिपी विद्यापीठ १८४८ साली सुरू झाले. लोक त्याला ‘ओल मिस’ म्हणतात. मळ्यावरचे गुलाम मालकिणीला ज्या नावाने संबोधीत, तेच हे नाव! १८९६ साली ते विद्यार्थ्यांच्या वार्षिक अंकाला दिले गेले आणि पुढे विद्यापीठालाच चिकटले. १९३६ साली फुटबॉल संघाचे नाव ठरले ‘रेबेल्स’, म्हणजे बंडखोर. आम्हीही बंडखोरांचे वारस आहोत. पण आमचे बंड गुलामी मोडण्यासाठी होते, त्यांचे बंड गुलामी टिकवण्यासाठी! संघाचे बोधचिन्ह होते ‘कर्नल रेब’, म्हणजे पांढऱ्या दाढीचा गोरा मळेवाला. संघाचे गाणे होते ‘डिक्सी’, आणि प्रेक्षकांच्या हातात असे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा झेंडा.

हा झेंडा तरी पूर्वापार होता काय? मुळीच नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा प्रश्न हाती घेताच दक्षिणेतले गोरे पुढारी बिथरले. त्यांनी १९४८ साली वेगळी चूल मांडली आणि त्याच वर्षी हे झेंडे फुटबॉलच्या मैदानावर फडकू लागले. म्हणजे या ‘परंपरे’चा जन्म समतेच्या विरोधातून झाला.

२९ सप्टेंबर १९६२ रोजी जॅक्सन शहरात या संघाचा सामना होता. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय माजी सैनिकाला विद्यापीठात प्रवेश द्या, असा न्यायालयाचा आदेश झालेला होता. सामन्याच्या मध्यंतरात गव्हर्नर रॉस बार्नेट झेंड्यांच्या गर्दीत उभे राहिले आणि त्यांनी गोऱ्यांच्या अस्मितेला हाक दिली. दुसऱ्या रात्री विद्यापीठात दंगल पेटली. दोन माणसे मेली. एका विद्यार्थ्याला वर्गात बसवण्यासाठी हजारोंचे लष्कर आणावे लागले! त्या मोसमात संघ मात्र एकही सामना हरला नाही. विजयाच्या जल्लोषात अन्याय झाकून टाकणे किती सोपे असते, ते यावरून कळते.

ज्या १९७२ साली मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली, त्याच साली बेन विल्यम्स हा कृष्णवर्णीय खेळाडू या संघाकडून मैदानात उतरला. १९७५ साली विद्यार्थ्यांनी त्याला ‘कर्नल रेबेल’ हा आपला सर्वोच्च मान दिला. मान मिळाला, झेंडा मात्र तसाच फडकत राहिला. खेळण्यासाठी काळे शरीर हवे, फडकवण्यासाठी गुलामीचा झेंडा हवा! असा हा दुटप्पी व्यवहार.

त्याला पहिला धक्का दिला जॉन हॉकिन्स या विद्यार्थ्याने. संघाला प्रोत्साहन देणाऱ्या चमूतला तो पहिला कृष्णवर्णीय. १९८२ साली त्याने, हा झेंडा मी हाती धरणार नाही, असे ठणकावले. त्याच्याविरुद्ध गोऱ्या विद्यार्थ्यांचा जमाव चालून गेला, पण तो हटला नाही. १९८३ साली विद्यापीठाने त्या झेंड्याशी अधिकृत संबंध तोडला. १९९७ साली मैदानात काठ्या आणण्यास बंदी आली, त्यामुळे झेंडे उतरले. २००३ साली कर्नल रेब मैदानाबाहेर गेला. २०१६ साली बँडने ‘डिक्सी’ वाजवणे थांबवले.

हे गोऱ्यांचे हृदयपरिवर्तन म्हणायचे काय? आम्हाला तसे वाटत नाही. झेंडे पाहून चांगले कृष्णवर्णीय खेळाडू संघात येत नाहीत, ही प्रशिक्षकाची तक्रार काठीबंदीच्या मागे होती. २०२० साली शेजारच्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या कायलिन हिल या खेळाडूने जाहीर केले की, राज्याच्या ध्वजावरचे ते चिन्ह निघेपर्यंत मी राज्यासाठी खेळणार नाही. क्रीडा संघटनांनीही मोठे सामने राज्याबाहेर नेण्याचा इशारा दिला होता. त्याच जून महिन्यात विधिमंडळाने १८९४ पासूनचा ध्वज उतरवला! सव्वाशे वर्षांची परंपरा काही दिवसांत गेली. ज्यांच्या श्रमावर खेळ चालतो त्यांनी हात आखडला, तेव्हाच सत्तेला शहाणपण सुचले.

‘ओल मिस’ आणि ‘रेबेल्स’ ही नावे आजही कायम आहेत. म्हणजे लढाई संपलेली नाही. परंपरा आभाळातून पडत नाही. ती माणसे सुरू करतात आणि माणसेच बंद पाडतात. मात्र ती मालकांच्या दयेने बंद पडत नाही. ज्यांच्या खांद्यावर ती लादलेली असते, त्यांनी खांदा काढून घ्यावा लागतो. हॉकिन्सने हात काढून घेतला, हिलने पाय रोखले. अपमानाचा झेंडा वाहणाऱ्या प्रत्येकाने आपला खांदा आता तपासून पाहावा!